त्याच्यानंतर कोण?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा पाठ)



२६ जानेवारी २०२४ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे मॅनेजर युर्गेन क्लॉप यांनी चालू हंगाम संपताच पद सोडण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्यातली शक्ती संपत आली आहे, एवढेच साधे कारण त्यांनी दिले. त्या बंदराच्या शहरात या बातमीने जी अवस्था झाली, ती घरातला कर्ता माणूस अचानक निघून जावा तशी होती. परंतु दुःखाचा पहिला आवेग ओसरण्यापूर्वीच दुसरा प्रश्न पुढे आला, आणि पुढचे तीन महिने मद्यगृहांत, बसगाड्यांत, कारखान्यांच्या उपाहारगृहांत तोच एक प्रश्न चघळला गेला. यांच्यानंतर कोण?

अभ्यासवर्गात फुटबॉलचा विषय कशासाठी, अशी शंका कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर या प्रश्नातच आहे. लोकप्रिय नेता गेल्यावर त्याच्यामागे उभा असलेला समुदाय काय करतो, कोणत्या कसोट्या लावतो, आणि निर्णय घेण्याची खरी सत्ता कोणाच्या हाती असते, हे पाहण्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण सहसा सापडत नाही. शिवाय या विशिष्ट क्लबच्या इतिहासात समाजवादाचा संबंध केवळ उपमेपुरता नाही. तो पुढे येईलच.

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल संघाचा मॅनेजर म्हणजे हिशेब आणि हजेरी पाहणारा अधिकारी नव्हे. खेळाडू निवडणे, त्यांचा सराव घेणे, डावपेच आखणे, आणि पराभवानंतर वार्ताहरांच्या प्रश्नांना तोंड देणे ही सर्व त्याची कामे. क्लबचा मालक क्वचित दिसतो, खेळाडू येतात-जातात. परंतु मॅनेजर दर आठवड्यास मैदानाच्या कडेला उभा असतो. क्लबची मूर्ती म्हणून सामान्य माणूस त्याच्याकडे पाहू लागतो तो यामुळे. क्लॉप ऑक्टोबर २०१५ मध्ये जर्मनीहून आले. २०१९ मध्ये त्यांच्या संघाने युरोपचे विजेतेपद मिळवले आणि २०२० मध्ये तीस वर्षांच्या खंडानंतर इंग्लंडची लीग जिंकली. पण चाहत्यांचे प्रेम केवळ चषकांवर नव्हते. हा माणूस आपल्यातला आहे, अशी त्यांची भावना झाली होती.

आता त्या वादाकडे पाहू या. सर्वांत अधिक घेतले गेले ते नाव शाबी अलोन्सो यांचे. ते २००४ ते २००९ या काळात लिव्हरपूलकडून खेळलेले, २००५ च्या इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात गोल केलेले, आणि त्या वेळी जर्मनीतील लेव्हरकुसेन संघाला अपराजित ठेवून विजेतेपदाकडे नेत असलेले. त्याखालोखाल लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबचे रुबेन आमोरिम, ब्रायटनचे रोबेर्तो दे झेर्बी. काहींच्या मते क्लॉप यांचे सहायक पेप लायंडर्स यांनीच गादी चालवावी. काहींना जुना कर्णधार स्टीव्हन जेरार्ड हवा होता. प्रत्येक नावामागे युक्तिवाद होता आणि तो अडाणी नव्हता. कोणाचा संघ चेंडू गमावल्यावर किती लवकर परत मिळवतो, कोण तरुण खेळाडूंना संधी देतो, कोणाला या शहराचा स्वभाव कळेल, याचा ऊहापोह तासन्तास होत असे. बहुतेकांची कसोटी मात्र अखेर एकच होती: जाणाऱ्या माणसाशी येणाऱ्याचे साम्य किती?

२९ मार्च २०२४ रोजी अलोन्सो यांनी लेव्हरकुसेनमध्येच राहण्याचे जाहीर केले आणि चाहत्यांचा पहिला उमेदवार गळाला. शेवटी नेमणूक झाली ती आर्ने स्लॉट यांची. हॉलंडमधील फेयेनूर्ड क्लबचे हे मॅनेजर वादाच्या आरंभी फारच थोड्यांच्या तोंडी होते. निवड केली क्लबच्या अमेरिकन मालकांनी, म्हणजे फेनवे स्पोर्ट्स ग्रुपने, आणि त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांनी. चाहत्यांना कोणी विचारले नव्हते. विचारण्याची व्यवस्थाही नव्हती. लाखो लोक अत्यंत मनापासून एका निवडणुकीची चर्चा करीत होते. तिच्यात त्यांना मत नव्हते, इतकेच!

असा प्रसंग या शहरावर प्रथमच आला नव्हता. १२ जुलै १९७४ रोजी बिल शँक्ली यांनी याच क्लबचे मॅनेजरपद सोडले, तेव्हा लोकांचा विश्वासच बसेना. एका दूरचित्रवाणी वार्ताहराने रस्त्यावरच्या मुलांना ती बातमी सांगितली. ती मुले ते खरे मानायलाच तयार नव्हती, याचे चित्रण आजही पाहायला मिळते. शँक्ली परत यावेत म्हणून संपाची भाषा काही कामगारांनी केल्याच्या हकिगती आहेत. आठवड्याचे वेतन बुडवून फुटबॉलच्या मॅनेजरसाठी काम थांबवण्याचे कामगाराच्या मनात यावे, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

शँक्ली यांचा जन्म १९१३ चा, स्कॉटलंडमधील ग्लेनबक या कोळसा-खाणीच्या खेड्यातला. कोवळ्या वयात त्यांनी स्वतः खाणीत काम केले होते. समाजवाद त्यांनी पुस्तकातून उचललेला नव्हता. प्रत्येकाने दुसऱ्यासाठी राबावे आणि फळात प्रत्येकाचा वाटा असावा, याला ते समाजवाद म्हणत आणि फुटबॉलही असाच खेळला पाहिजे असे जाहीरपणे सांगत. डिसेंबर १९५९ मध्ये ते आले तेव्हा लिव्हरपूल दुसऱ्या श्रेणीत खितपत पडले होते. १९६२ मध्ये त्यांनी संघाला पहिल्या श्रेणीत आणले. नंतर १९६४, १९६६ आणि १९७३ मध्ये लीग, १९६५ आणि १९७४ मध्ये एफ. ए. चषक मिळवला.

परंतु या विषयाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम कोणत्याही चषकावर कोरलेले नाही. नवा मॅनेजर येतो तेव्हा आपली माणसे घेऊन येतो आणि जुन्यांना निरोप देतो, अशी त्या व्यवसायाची रीत. शँक्ली यांनी ती मोडली. क्लबात आधीपासून असलेले प्रशिक्षक बॉब पेझली, जो फेगन, रूबेन बेनेट यांना त्यांनी कायम ठेवले आणि त्यांच्याकडून फक्त निष्ठा मागितली. ॲनफिल्ड मैदानाच्या पोटात बूट ठेवण्याची एक लहानशी खोली होती. सरावानंतर ही मंडळी तेथे उलट्या ठेवलेल्या खोक्यांवर बसून चहा घेत आणि संघाविषयी बोलत. त्या दिवशी कोणता सराव झाला, कोणाला कोठे दुखापत झाली, ती कशाने बरी झाली, याच्या नोंदी वह्यांतून ठेवल्या जात. पुढच्या वर्षी तीच अडचण आली की जुनी वही काढून पाहत. ज्ञान एका माणसाच्या डोक्यात बंदिस्त राहिले नाही. ते त्या खोलीचे झाले.

म्हणूनच १९७४ मध्ये 'शँक्लींनंतर कोण?' या प्रश्नाचे उत्तर बाहेर शोधावे लागले नाही. बॉब पेझली १९३९ पासून क्लबमध्ये होते: आधी खेळाडू, मग दुखापतींवर उपचार करणारे, मग प्रशिक्षक, मग सहायक. तेही खाणकामगाराचेच पुत्र. तारुण्यात गवंडीकाम शिकलेले. बोलणे तुटक, शँक्लींच्या वक्तृत्वाचा लवलेश नाही. त्यांना ते पदच नको होते. साम्याची कसोटी लावली असती तर हा मनुष्य पहिल्याच फेरीत बाद झाला असता. पहिल्या हंगामात एकही चषक मिळाला नाही. परंतु १९८३ मध्ये निवृत्त होईपर्यंत, नऊ वर्षांत, त्यांच्या संघाने सहा वेळा लीग आणि तीन वेळा युरोपियन चषक जिंकला. त्यांच्यामागून त्याच खोलीतले फेगन आले आणि पहिल्याच वर्षी लीग, लीग चषक व युरोपियन चषक असे तीन सन्मान घेऊन गेले.

या यशोगाथेला एक दुखरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. पद सोडल्यावर शँक्ली यांना घरी बसवेना. ते सरावाच्या मैदानावर येत राहिले; खेळाडू सवयीने त्यांनाच 'बॉस' म्हणत. पेझली यांची कुचंबणा होऊ लागली आणि आपले येणे क्लबला नकोसे झाले आहे हे शँक्ली यांना जाणवून देण्यात आले. १९८१ मध्ये ते वारले, तेव्हा ही सल त्यांच्या मनात होती. ज्याने घर बांधले त्याला त्या घरात सन्मानाने बसायला एखादी खुर्ची ठेवण्याची बुद्धी त्या उत्तम संस्थेलाही झाली नाही. उत्तराधिकाऱ्याची चर्चा करणारे जाणाऱ्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा विचारत नाहीत.

आता शेजारच्या मँचेस्टर युनायटेडकडे पाहावे. मॅट बस्बी १९४५ पासून १९६९ पर्यंत तेथे मॅनेजर होते. त्यांच्या जागी आलेले विल्फ मॅकगिनेस अवघे ३१ वर्षांचे होते आणि स्वतः बस्बी वरच्या पदावर क्लबमध्येच राहिले. डिसेंबर १९७० मध्ये मॅकगिनेस यांना दूर करून काही महिने पुन्हा बस्बी यांनाच काम पाहावे लागले. १९६८ मध्ये युरोपियन चषक जिंकणारा हा क्लब १९७४ मध्ये, म्हणजे शँक्ली निवृत्त झाले त्याच वर्षी, दुसऱ्या श्रेणीत घसरला.

चार दशकांनी तेथेच दुसरा प्रयोग झाला. १३ वेळा लीग जिंकून ॲलेक्स फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाले आणि आपला वारस त्यांनी स्वतःच निवडला. डेव्हिड मॉयेस हे त्यांच्यासारखेच ग्लासगोचे, त्यांच्यासारखेच कष्टाळू. साम्याच्या कसोटीला पूर्णपणे उतरणारा हा उमेदवार! अखेरच्या भाषणात फर्ग्युसन यांनी प्रेक्षकांना बजावले की आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहणे हे तुमचे काम आहे. सहा वर्षांचा करार झाला. मॉयेस यांनी मात्र जुन्या प्रशिक्षकांच्या जागी आपली माणसे आणली. मार्च २०१४ मध्ये त्यांच्या हकालपट्टीची मागणी करणारा फलक लावलेले विमान मैदानावरून फिरले आणि एप्रिलमध्ये, दहा महिन्यांच्या आतच, त्यांना काढण्यात आले. जाणाऱ्याचा आशीर्वाद आणि जाणाऱ्याशी साम्य, या दोन्ही गोष्टी पुरेशा ठरल्या नाहीत.

येथपर्यंतचा निष्कर्ष सरळ दिसतो: माणूस जातो, खोली राहिली तर संस्था तरते. परंतु २०२४ चे उदाहरण या निष्कर्षात एक गाठ घालते. क्लॉप यांच्याबरोबर त्यांचे प्रमुख सहायकही गेले. खोली म्हणावी तर रिकामी झाली. अखेरच्या सामन्यानंतर १९ मे २०२४ रोजी क्लॉप यांनी स्वतः स्लॉट यांच्या नावाचे गाणे म्हणून प्रेक्षकांकडून ते म्हणवून घेतले, पण आशीर्वादाचे मोल किती हे मँचेस्टरने दाखवलेच होते. तरीही त्या उन्हाळ्यात ताबडतोब खेळू शकणारा एकच नवा खेळाडू घेऊन स्लॉट यांनी २७ एप्रिल २०२५ रोजी लीगचे विजेतेपद निश्चित केले; तेव्हा हंगामाचे चार सामने बाकी होते. ते लिव्हरपूलचे विसावे विजेतेपद. हे कसे घडले?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थांबावे लागते. शँक्ली यांच्या काळात संघाविषयीचे ज्ञान राबणाऱ्या प्रशिक्षकांच्या वह्यांत होते. आज ते क्लबच्या संशोधन विभागात आहे. कोणता खेळाडू घ्यावा, कोणता द्यावा, कोणत्या मॅनेजरची पद्धत हाती असलेल्या खेळाडूंना जुळेल, याचे गणित तेथे मांडले जाते. या विभागाची उभारणी एका भौतिकशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली झाली. स्लॉट यांची निवड करताना अशा आकडेवारीचा आधार घेतला गेला होता. म्हणजे बुटांची खोली नाहीशी झाली नाही. तिची मालकी बदलली. कारागिराचे कसब यंत्रात आणि यंत्र मालकाच्या खात्यात, ही उद्योगधंद्याची जुनी कहाणी फुटबॉलमध्येही घडली आहे. मॅनेजरांची नावे लोक जितकी तावातावाने घेतात, तितकी ती आता निर्णायक राहिलेली नाहीत.

याला अभ्यासाचाही आधार आहे. डच अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी १९८६ ते २००४ या काळातील हॉलंडच्या फुटबॉलचा अभ्यास केला. सतत हरणाऱ्या संघाने मॅनेजर बदलला की संघ सावरतो, असे दिसते खरे. परंतु तितकेच हरलेल्या ज्या संघांनी मॅनेजर बदलला नाही, तेही जवळजवळ तसेच सावरले होते. स्टीफन झिमान्स्की या अर्थशास्त्रज्ञाने दाखवले की दीर्घकाळ पाहता संघाचे लीगमधील स्थान फार मोठ्या प्रमाणात खेळाडूंच्या वेतनावरील खर्चाबरोबर चालते. पेझली किंवा फर्ग्युसन यांच्यासारखे अपवाद आहेतच. पण ते अपवाद आहेत.

मग चाहत्यांचा तो सगळा वाद पोकळ होता काय? तसे म्हणणे उद्धटपणाचे होईल. नावांची चर्चा करताना लोक वस्तुतः आपला क्लब कसा असावा याची चर्चा करीत असतात. उदार, धाडसी, या शहराच्या स्वभावाचा मनुष्य हवा, असे म्हणणारा कामगार ताळेबंदात न बसणारी मागणी करीत असतो. दोष त्या मागणीत नाही. ती पुरी करण्याचे काम एका माणसावर सोपवून स्वतः वाट पाहत बसण्यात दोष आहे. आणि याच चाहत्यांनी वाट न पाहता जेथे स्वतः पाऊल उचलले, तेथे काय घडले हे पाहण्यासारखे आहे.

क्लबवर कर्जाचा बोजा लादणाऱ्या तेव्हाच्या मालकांविरुद्ध २००८ मध्ये चाहत्यांनी आपली संघटना उभारली. तिला त्यांनी शँक्ली यांचे नाव दिले, 'स्पिरिट ऑफ शँक्ली', आणि ती स्वतःला चाहत्यांची युनियन म्हणवते. २०१० मध्ये त्या मालकांना क्लब सोडावा लागला. नव्या मालकांनी २०१६ मध्ये तिकिटाचा कमाल दर ७७ पौंडांवर नेण्याचे ठरवले. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ वे मिनिट लागताच हजारो प्रेक्षक उठून मैदानाबाहेर चालू लागले. संघ तेव्हा २–० असा पुढे होता. ते गेल्यावर सामना २–२ असा बरोबरीत सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्या दिवशी क्लॉप मैदानावर नव्हते. आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेमुळे ते विश्रांती घेत होते. नेता गैरहजर असताना समुदायाने आपली सर्वांत स्वच्छ लढाई जिंकली, हा योगायोग असला तरी बोधप्रद आहे.

एप्रिल २०२१ मध्ये १२ धनाढ्य क्लबांनी आपली बंदिस्त 'सुपर लीग' जाहीर केली, लिव्हरपूलही त्यांत होते. इंग्लंडच्या सहाही क्लबांच्या चाहत्यांनी एकमेकांचे वैर बाजूला ठेवून विरोध केला आणि ४८ तासांच्या आसपास सहाही क्लब त्यातून बाहेर पडले. पुढे लिव्हरपूलने चाहत्यांच्या प्रतिनिधींचे मंडळ मान्य केले. आणि या सर्वांहून मोठी गोष्ट: १५ एप्रिल १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत ९७ जीव गेले, त्याचा दोष मृतांवरच ढकलण्यात आला, आणि त्यांच्या नातलगांनी २७ वर्षे झगडून २०१६ मध्ये ते मृत्यू बेकायदा ठरवून घेतले. या काळात किती मॅनेजर आले आणि गेले!

यावर कोणी म्हणेल की मग क्लबची मालकीच चाहत्यांकडे द्यावी. दिशा तीच आहे. युनायटेडच्या काही चाहत्यांनी २००५ मध्ये अमेरिकन मालकांचा निषेध म्हणून 'एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर' हा स्वतःचा क्लब काढला. तेथे एका सभासदाला एकच मत असते. जर्मनीत काही अपवाद वगळता बहुमताचा अधिकार सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे. परंतु मालकीने व्यक्तिपूजा आपोआप सुटत नाही. रेआल माद्रिद हा सभासदांचाच क्लब. २००० साली तेथील अध्यक्षपदाची निवडणूक फ्लोरेन्तिनो पेरेझ यांनी जिंकली, ती प्रतिस्पर्धी बार्सिलोनाचा लुईस फिगो हा खेळाडू आणून देण्याच्या वचनावर! मत हाती आले तरी ते कशासाठी वापरायचे याचे शिक्षण वेगळे घ्यावे लागते.

२०२५ च्या शरदात स्लॉट यांचा संघ एकामागून एक सामने हरू लागला आणि सहा महिन्यांपूर्वी ज्यांच्या नावाने विजयगीते गायली जात होती, त्यांच्या जागी कोण, याची चर्चा पुन्हा त्याच उत्साहाने सुरू झाली. पुन्हा तीच नावे, पुन्हा साम्याची तीच कसोटी. ज्या देशाने एके काळी 'नेहरूंनंतर कोण?' या प्रश्नावर वर्षानुवर्षे चर्चा केली, त्या देशातील कार्यकर्त्याने या चाहत्यांना हसू नये. जाणारा माणूस कोणती वही मागे ठेवून जात आहे, ती वही कोणाच्या ताब्यात आहे, आणि ७७ व्या मिनिटाला उठून उभे राहणारे किती जण आहेत, हे तीन प्रश्न आधी विचारले गेले पाहिजेत. त्यानंतर नावांची चर्चा खुशाल करावी. पेझलींचे नाव १९७४ मध्ये कोणालाही मोहवणारे नव्हते, एवढे मात्र ती करताना विसरू नये.